पुदिन्याच्या तेलाचा गारवा : अंगाला किती, केसांना किती



उसाची लागण, खत, पाणी, तोडणी हे या पानांवरचे आपले नेहमीचे विषय. आज थोडी वाट सोडून लिहितो आहोत, त्याला कारण घडले आहे. भरे, घोटावडे, आंबडवेट या बाजूला गट बैठकीला गेलं, की नोंदीचं आणि तोडीचं बोलणं संपल्यावर घरातली मंडळी हळूच एक बाटली पुढे करतात. बोटभर उंचीची, तपकिरी काचेची, वर हिरव्या पानाचं चित्र. "हे लावलं की गेलेले केस येतात म्हणे, खरं का?" "धाकट्याला अंगभर खाज आहे, चोळू का?" बचत गटाच्या भगिनींचा प्रश्न आणखी पुढचा : "खोबरेलात घालून आम्हीच पुण्याला विकलं तर?"

बाटली पुदिन्याच्या तेलाची असते. पेपरमिंट ऑइल म्हणतात ते हेच. एका बाटलीला दोन-तीनशे रुपये सहज जातात, आणि एक बाटली संपली की दुसरी येतेच. पण आम्हाला पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. हे तेल लावल्याबरोबर गार वाटतं आणि गार वाटलं की गुण आला असं माणूस धरून चालतो. त्या गारव्याखाली दुखणं तसंच वाढत राहतं. तेव्हा हा विषय मुळापासून घेऊ.

पुदिना एक नव्हे, तीन

आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढतो आणि चटणीत जातो तो साधा पुदिना. त्याच्या वासाचं मुख्य द्रव्य कारव्होन. ज्याने गारवा येतो ते मेंथॉल त्यात जवळजवळ नसतंच. म्हणून चटणी खाल्ली तर वास छान येतो, पण लहानपणी पेपरमिंटची गोळी तोंडात धरून श्वास आत ओढला की जो गारठा लागायचा, तो चटणीत लागत नाही. कोणी म्हणेल, घरचा पुदिना खोबरेलात उकळून तेच तेल करू. तर ते होणार नाही. नुसतं वासाचं तेल होईल.

दुसरा विलायती पुदिना, म्हणजे खरा पेपरमिंट. पाणथळ जागचा रानपुदिना आणि साधा पुदिना यांचा हा संकर आहे. जॉन रे या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने १६९६ साली त्याची नोंद केली आणि अठराव्या शतकात लंडनजवळच्या मिचम गावी त्याची शेती वाढली. संकर असल्यामुळे हा वांझ आहे, बी धरत नाही. आपण टिपरी लावून ऊस वाढवतो तसा हा जमिनीलगतच्या धुमाऱ्यांवर वाढवतात. याच्या तेलात मेंथॉल साधारण शंभरात ३० ते ५० भाग आणि मेंथोन १४ ते ३२ भाग असतं.

तिसरा जपानी पुदिना. उत्तर प्रदेशात याला सरसकट 'मेंथा' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर याचं मोठं पीक होतं. १९५० नंतरच्या दशकात तो आपल्या देशात आला आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या 'हिमालय', 'कोसी' अशा जाती काढल्या. आज बाराबंकी, रामपूर, संभल, बदायूँ या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांमुळे या तेलात भारत जगात पहिला आहे. याच्या तेलात मेंथॉल शंभरात ७० ते ८० भाग.

आता बाटलीत नेमकं काय आहे ते पाहू. जपानी पुदिन्याचं तेल थंड केलं की मेंथॉलचे पांढरे सुईसारखे स्फटिक खाली बसतात. दुकानात पेपरमिंटचं फूल म्हणून मिळतं ते हे. स्फटिक काढून घेतल्यावर जे तेल उरतं ते स्वस्त असतं. साखर काढून घेतल्यावर मळी उरते, तसंच समजा. मळी वाईट नव्हे, तिलाही गिऱ्हाईक आहे. पण मळीला साखरेचा भाव कोणी देत नाही. इथे मात्र हे उरलेलं तेल कधी खऱ्या पेपरमिंटच्या तेलात मिसळून, तर कधी सरळ त्याच्याच नावाने विकलं जातं. नाकाला हा फरक कळणं कठीण.

ओळखायचं कसं? लेबलावर शास्त्रीय नाव असतं. 'मेंथा पायपेरिटा' असेल तर ते विलायती पुदिन्याचं, 'मेंथा आर्व्हेन्सिस' असेल तर जपानी पुदिन्याचं. शास्त्रीय नावच नसेल तर बाटली खाली ठेवावी. मिठाईत घालायचा 'इसेन्स' ही वेगळीच वस्तू आहे, ती अंगाला लावायची नाही. चांगला विक्रेता त्या त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवतो. आपल्या उसाचा रस काढून ब्रिक्स आणि पोल पाहतात, तशीच गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर या तेलातल्या प्रत्येक घटकाची टक्केवारी निघते. मेंथोफ्युरान नावाचा एक घटक खऱ्या पेपरमिंटात थोडा का होईना असतो आणि जपानी पुदिन्यात जवळजवळ नसतो. जाणकार भेसळ त्यावरून पकडतात. आपण दहा टन उसाच्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, मग या बोटभर बाटलीचा अहवाल मागायला लाजू नये.

गार वाटणं वेगळं, गार होणं वेगळं

कपाळाला हे तेल किंवा मेंथॉलचा बाम लावला की बर्फ ठेवल्यासारखं वाटतं. पण तिथे थर्मामीटर ठेवून पाहिलं तर त्या प्रमाणात पारा उतरलेला दिसत नाही. मग ही थंडी येते कुठून?

आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर बारीक दारं असतात. हवा गार झाली की त्यातलं एक दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो : थंडी वाजते आहे. मेंथॉल नेमकं तेच दार उघडतं. हवा गार झालेली नसते, निरोप मात्र जातो. बांधावर कोणी नसताना कुत्रं भुंकावं तसा प्रकार. हे दार २००२ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांच्या गटांनी शोधून काढलं, एक डेव्हिड ज्युलियस यांचा आणि दुसरा आर्डेम पाटापूटियन यांचा. ज्युलियस यांनी त्याआधी १९९७ साली मिरचीच्या तिखटाने उघडणारं उष्णतेचं दार शोधलं होतं. ठेचा करताना हाताची आग होते, तेव्हा हात काही भाजलेला नसतो, हेही तसंच. शरीराला ऊन-थंडी आणि स्पर्श कसा कळतो या शोधासाठी दोघांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

एवढं शास्त्र सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. चैत्र-वैशाखात उसाला पाणी देताना, खुरपताना डोकं तापतं. अशा वेळी कपाळाला आणि मानेला पुदिन्याचं तेल चोळून पुन्हा उन्हात जाणारे आम्ही पाहिले आहेत. गार वाटतं, माणूस कामाला लागतो, अंग मात्र तापतच असतं. उलट, मेंथॉल अंगाला लावून केलेल्या काही प्रयोगांत शरीर उष्णता बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवू लागल्याचं दिसलं आहे. कारण मेंदू थंडीचा निरोप खरा मानतो आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतो. उन्हावर उपाय सावली, पाणी, मीठ-साखर-लिंबाचं सरबत आणि ओलं फडकं. तापात मुलाच्या अंगाला हे तेल चोळून ताप उतरत नाही.

खाज कशाची, ते आधी

खाजेवर मेंथॉलचा उपयोग होतो, हे मात्र खरं आहे. त्वचारोगाचे डॉक्टरही शंभरात एक भाग मेंथॉल असलेली मलमं आणि लोशन देतात. थंडीचा निरोप जोरात गेला की खाजेचा निरोप मागे पडतो, असा तो हिशोब. पुदिन्याच्या तेलाचीही परीक्षा झाली आहे. इराणमध्ये ९६ गरोदर बायकांवर केलेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत तिळाच्या तेलात शंभरात फक्त अर्धा भाग पुदिन्याचं तेल घालून दोन आठवडे, दिवसातून दोनदा लावायला दिलं आणि त्या बायकांची खाज कमी झाली. अर्धा भाग हे माप लक्षात ठेवा, पुढे लागेल. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री फार खाज सुटत असेल तर मात्र घरी काही लावत बसू नये. ते यकृताच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं आणि बाळालाही धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आपल्याकडची खाज बहुतेक चार कारणांची. उसात शिरलं की पात्यांनी ओरखडे येतात आणि कूस अंगाला टोचून बसते, हे पहिलं कारण. त्यावर पहिला इलाज म्हणजे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घरी आल्यावर साबणाने अंघोळ. कातडी फाटलेली नसेल तर अंघोळीनंतर पातळ केलेलं पुदिन्याचं तेल लावायला हरकत नाही. चिरलं असेल, रक्त आलं असेल तिथे लावू नये. आग तर होईलच, जखमही चिडते.

दुसरं कारण चिखल्या. मुळशीच्या पावसात भातखाचरात दिवस दिवस पाय भिजतात आणि बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते. चिखल्या बहुधा बुरशीच्या असतात. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत पुदिन्याचं तेल काही बुरश्यांना रोखतं, हे खरं. पण बशीत रोखायला जेवढं तेल लागतं तेवढं सोललेल्या कातडीला सोसवत नाही. पाय पुसून कोरडे ठेवणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीचं साधं मलम, एवढ्याने काम होतं. ज्यांना साखरेचा आजार आहे (साखर कारखान्याच्या पत्रात ही साखर वेगळी सांगावी लागते) त्यांनी पायाला हे तेल लावूच नये. त्यांच्या पायाची संवेदना आधीच कमी झालेली असते, त्यात कातडी भाजली तरी कळत नाही.

तिसरं कारण नायटा. गोल चट्टा, कडेने लाल, मध्ये बरा झाल्यासारखा. आमच्या मते या तेलाचा सगळ्यात मोठा गैरवापर इथे होतो. चट्ट्यावर तेल लावलं की खाज तासाभरापुरती थांबते, माणूस कामाला लागतो. चट्टा कडेने पसरत राहतो. टॉवेल एक, अंथरूण एक, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत घरातल्या चौघांना होतो. मग दुकानातून चिठ्ठीशिवाय एखादं मिश्र मलम आणतात. अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. त्याने चट्टा दोन दिवस फिका पडतो आणि पुन्हा दुपटीने उठतो, पुढे औषधालाही दाद देत नाही. गेल्या काही वर्षांत देशभर नायट्याच्या चिवट केसेस वाढल्या, त्याचं हे एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. नायट्याला बुरशीचं औषध आठवडे न् आठवडे, चट्टा गेल्यावरही काही दिवस, नेमाने लावावं लागतं.

चौथं कारण खरूज. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या येतात आणि घरात एकापाठोपाठ एक सगळे खाजवू लागतात. हा एक सूक्ष्म किडा कातडीत बीळ करून राहतो. त्याला पुदिना पुरत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं आणि कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालायचं. पौडच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तर या चारांतलं कोणतं आहे हे पाच मिनिटांत कळतं. आधी ते कळू द्यावं, मग गारव्याची सोय करावी.

केसांची गोष्ट

केस येतात ही बोलवा आली कुठून? दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्या उंदरांच्या पाठीचे केस काढून टाकले आणि चार गट केले. एका गटाला मिठाचं पाणी, दुसऱ्याला होहोबाचं तेल, तिसऱ्याला केस उगवण्यासाठी डॉक्टर देतात ते मिनॉक्सिडिल आणि चौथ्याला होहोबाच्या तेलात शंभरात तीन भाग पुदिन्याचं तेल. चार आठवड्यांनी पुदिन्याच्या गटातल्या उंदरांना केस सगळ्यांत दाट आले, मिनॉक्सिडिलपेक्षाही सरस.

प्रयोग खरा आहे, खोटा नाही. पण उंदीर तो उंदीर. त्याच्या पाठीचे केस एकाच वेळी झडतात आणि एकाच वेळी उगवतात. केस काढले की नवा फेरा आपोआप सुरू होतो. पुदिन्याने तो फेरा लवकर सुरू झाला असेल. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केसाचा फेरा वेगळा चालतो. शिवाय पुरुषांचं टक्कल आनुवंशिक असतं, अंगातल्या संप्रेरकामुळे केसाचं मूळ वर्षागणिक बारीक होत जातं. त्या उंदरांना असलं टक्कल नव्हतंच. माणसांवर मोठी चाचणी होऊन पुदिन्याच्या तेलाने केस उगवल्याचा पुरावा अजून पुढे आलेला नाही. खोडव्याचा एका गुंठ्यातला उतारा पाहून कोणी आडसालीच्या दहा एकरांचा हिशोब मांडत नाही. इथेही तोच विवेक ठेवावा.

भगिनींच्या केसगळतीबद्दल आम्हाला जरा जास्त सांगायचं आहे, कारण बाटल्या बहुतेक त्याच घेतात आणि दोष स्वतःला देतात. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. घाबरू नये, वर्षाच्या आत ते बहुधा आपोआप सावरतात. नेमकं त्याच काळात तेल सुरू केलेलं असलं की श्रेय तेलाला जातं. टायफॉइड, डेंग्यू असा मोठा ताप येऊन गेला तरी दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. याशिवाय केस गळत राहिले तर रक्त तपासावं. अंगात लोह कमी असणं आणि थायरॉइडचं दुखणं ही दोन कारणं फार घरांत निघतात. बाटलीचे तीनशे रुपये रक्त तपासण्याला लावले तर दुखण्याचं मूळ तरी सापडतं. रुपयाएवढी गोल जागा अचानक उघडी पडली तर ती चाई. तिलाही डॉक्टरच दाखवावा.

मग केसांना या तेलाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तेवढाच आहे. डोक्याला गार वाटतं, घामट वास जातो, कोंड्याची खाज घटकाभर थांबते, आणि तेल लावायचं निमित्त होऊन डोकं चोळलं जातं, त्यानेही बरं वाटतं. कोंडा मात्र याने जात नाही. त्याला औषधी शाम्पू मिळतात, ते आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून वापरावे.

माप चुकलं की औषधाचं विष

हे तेल कधीही नुसतं लावायचं नाही. जवळजवळ टनभर ओला जपानी पुदिना वाफेवर काढावा तेव्हा पाच ते आठ किलो तेल निघतं, यावरून ते किती दाट आहे ते ताडा. साध्या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे सुमारे एक मिली. चहाचा चमचा पाच मिलीचा. म्हणजे एक चमचा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब घातला की शंभरात एक भाग झाला. अंगाला आणि डोक्याला एवढं पुरे. मोठ्या माणसाने फार तर चमच्याला दोन थेंब घ्यावेत, त्यापुढे नाही. नाजूक कातडीला इराणच्या चाचणीतलं माप बरं : दोन चमचे तेलाला एक थेंब. चेहऱ्याला लावू नये, डोळ्यांच्या आसपास तर अजिबात नाही. थंडीत खोबरेल थिजलं तर ते कोमट करून, पुन्हा निवल्यावर मग थेंब टाकावा. गरम तेलात टाकला तर वास उडून जातो.

पहिल्या वेळी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. पुरळ आला, आग झाली तर आपल्याला ते मानवत नाही. अंघोळीच्या बादलीत थेंब टाकायची एक फॅशन निघाली आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि जिथे चिकटेल तिथे नुसतंच लागतं. फार आग झाली तर आधी साध्या गोड्या तेलाने पुसून घ्यावं, मग साबणाने धुवावं. डोळ्यांत गेलं तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं धरावी आणि डॉक्टर गाठावा.

लहान मुलांच्या बाबतीत आम्ही सूट देणार नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाशी, छातीला, चेहऱ्याला, टाळूला हे तेल किंवा मेंथॉलचा बाम लावू नये. मेंथॉलच्या वाफेने तान्ह्या बाळाचा घसा आवळतो, श्वास अडकतो. आजीबाईंच्या बटव्यातली अमृतधाराही याच घरातली आहे. पेपरमिंटचं फूल, कापूर आणि ओव्याचं फूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले की त्यांचं आपोआप पाणी होतं, मुलांना ती गंमत वाटते. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. मुंबईत १८९३ साली नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढलं तेव्हापासून बामाची डबी आपल्या घराघरांत फळीवर आहे. ती फळी मुलाच्या हातापलीकडे असावी, तेलाची बाटलीही तिथेच.

विकायचं असेल तर

बचत गटाच्या भगिनींना निरुत्साही करायचा आमचा हेतू नाही. हिंजवडी-पुण्याची बाजारपेठ दाराशी आहे, साबण आणि केसांचं तेल खपतं. पण घरगुती असलं तरी विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन करायचं तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बाटलीवर घटक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख घालावी लागते. दुसरी गोष्ट शब्दांची. टक्कल बरं करणं आणि नवे केस उगवणं हे दावे औषधांनाही करता येत नाहीत. औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात ते नावानिशी आहेत. तेव्हा लेबलावर 'डोक्याला गारवा देणारं तेल' एवढं खरं लिहावं. पेपरमिंटचं तेल विकत घेताना अहवाल घ्यावा आणि मापाला थेंबांऐवजी मिली किंवा ग्रॅमचा काटा वापरावा, म्हणजे पहिल्या बाटलीसारखीच शंभरावी होते.

लागवडीचं थोडक्यात

रोपं देतो, तेल विकत घेतो, असं सांगणारे लोकही फिरू लागले आहेत. उत्तर प्रदेशात उसात मेंथ्याचं आंतरपीक घेतात हे खरं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत लावून पाऊस लागायच्या आत, शंभर ते एकशेवीस दिवसांत कापतात. तेलाची डेग गावातच असते, कारण तोडलेला ऊस शिळा झाला की उतारा घटतो तसाच हा पालाही लांब नेता येत नाही. विलायती पुदिन्याला तर पंधरा-सोळा तासांचा दिवस मानवतो. आपल्याकडे जूनमधला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. भावाचं म्हणाल तर मेंथा तेलाचे सौदे मुंबईच्या वायदे बाजारात होतात आणि २०१२ साली किलोला दोन हजारांच्या वर गेलेला भाव पुढच्या दोन वर्षांत हजाराच्याही खाली आला. उसाला निदान एफआरपीचा आधार आहे, याला कसलाच नाही. डेग कुठे आहे, लेखी करार कोणाशी, आगाऊ रक्कम कोण देतो, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं तोंडीच मिळाली तर जमीन गुंतवू नये.

हौसेला मात्र दारात लावा. रोपवाटिकेत विलायती पुदिन्याचं रोप मिळालं तर ते कुंडीत वेगळं ठेवा, वाफ्यात लावलं तर धुमारे सगळा वाफा व्यापतात आणि घरच्या पुदिन्यात मिसळतात. दोन मुठी पाला तांब्याभर पाण्यात उकळून, गाळून, निवल्यावर केस धुतल्यानंतर शेवटी डोक्यावर ओतावा. त्यात तेलाचा अंश थोडा असतो, त्यामुळे मापाची फार धास्ती नाही. डोळे तेवढे मिटून घ्यावेत.